बिनपगारी दोन महिने

६ जानेवारी

गाढव आहे मी! शुद्ध गाढव.

सेल लागला म्हणून सगळ्यात लहान मापाच्या डायपरची तीन मोठी पुडकी घेऊन ठेवली होती. अर्ध्या किमतीत! आज नवं पुडकं फोडलं, तर चिकटपट्ट्या टिंबूच्या पोटावर पोचेचनात. चार महिन्यांत मांड्या अशा भरल्यात की वळ्यांत पावडर हरवते. (टिंबू, कारण सोनोग्राफीत पहिल्यांदा दिसली ती टिंबाएवढी. खरं नाव अजून ठरतंय, घरात रोज भांडण.) सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "असू दे गं, पुढच्यासाठी ठेव," म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मला मात्र रडू आलं. पडद्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं कटर आहे मी, दिवसभर मापं घेऊन कापड कापते, आणि पोटच्या पोरीच्या मापात चुकले.

आणि हे पैसे वाया घालवायचे दिवस नाहीत. पगारी रजा अठ्ठावीस फेब्रुवारीला संपते. सासूबाई शाळेच्या ऑफिसातून रिटायर होणार तीस एप्रिलला, मग टिंबूला त्या सांभाळणार. मधले मार्च आणि एप्रिल कोणाचेच नाहीत. कारखान्याचे मास्तर म्हणालेत, "बिनपगारी रजा घ्या, जागा राखून ठेवतो." पण नवऱ्याचा आणि माझा पगार जवळपास सारखा. एक थांबला की भाडं भरून हातात काय उरणार, कपाळ! दोन पगारांएवढे आधी साठवायला हवेत. एक जेमतेम साठलाय. दुसरा आठ आठवड्यांत.

नाहीतर तिला कुणा अनोळखी बाईच्या हातात देऊन जायचं. ते मला जमणार नाही. नाहीच.

९ जानेवारी

टूथपेस्टची संपलेली ट्यूब उभी कापली. आत चार दिवसांची पेस्ट निघाली! सासूबाई म्हणाल्या, "आता साबणाचा रस काढ."

१२ जानेवारी

हा रविवारीही कामावर जायला लागलाय. लिफ्ट दुरुस्तीचं काम, रविवारी जादा पैसे मिळतात. संध्याकाळी आला तेव्हा टिंबू तास-दीड तास किंचाळत होती. गाणं म्हणून झालं, खुळखुळा झाला, खांद्यावर घेऊन पन्नास फेऱ्या झाल्या— छे!

लिफ्टमध्ये माणसं अडकली की आधी बाहेरून त्यांच्याशी बोलायचं, हे यांच्या कामात शिकवतात. याने हात धुतले, तिला घेतलं आणि अगदी कामावरच्या आवाजात सुरू केलं, "घाबरू नका. मी बाहेरच उभा आहे. हवा भरपूर आहे. दोन मिनिटांत दार उघडतो."

पोरगी चूप! त्याच्याकडे टकामका बघत राहिली. चक्क 'अहो-जाहो' करतो बाप पोरीला. पाचव्या मिनिटाला झोपली.

मी खूप हसले. पण इथे खरं लिहायचं तर थोडी जळलेही. दिवसभर मी राबते आणि शाबासकी याला.

१९ जानेवारी

जुन्या दोन चादरी काढल्या. कापड उलटसुलट फिरवून, पानात पान, म्हणजे तुकड्यात तुकडा, घुसवून एकेका चादरीतून बावीस लंगोट काढले. चिंधी म्हणून उरली नाही. बोटांना किती दिवसांनी बरं वाटलं!

मग याचे केस कापले, न्हाव्याचे पैसे वाचवायला. (स्वयंपाकघरातल्या कात्रीने. माझ्या कापडाच्या कात्रीला केस लावले असते तर मास्तरांनी माझाच पडदा पाडला असता.) डावीकडे जरा जास्तच गेले. आरशात बघून म्हणाला, "लिफ्टच्या खड्ड्यात कोण बघतंय?" मानेवरचे केस झटकताना तो तसाच बसल्याबसल्या पेंगला. केवढा दमलाय. मी कात्री खाली ठेवली आणि उगाच त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

२७ जानेवारी

उपडी वळली!! अकरा वाजून दहा मिनिटांनी. आधी एक पाय, मग बूड, मग सगळी मिळून धप्पकन. स्वतःच इतकी दचकली!

लगेच याला फोन लावला. कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत होता. व्हिडिओ पाठवला. "परत कर म्हणावं, मी येईपर्यंत," म्हणाला. आला तेव्हा बूटसुद्धा न काढता जमिनीवर तिच्या शेजारी आडवा झाला. अर्धा तास. बाईसाहेब छताकडे बघत पडून राहिल्या, ढिम्म हलल्या नाहीत. तो जेवायला उठला, ताटावर बसला, तर लगेच वळली! धावत आला, पण तोवर झालं होतं. तो हसला. मग ताट उचलून तिच्या शेजारी जमिनीवरच जेवला.

४ फेब्रुवारी

टीव्हीचं कनेक्शन बंद केलं. सासूबाईंची मालिका गेली. दोन दिवस माझ्याशी कट्टी. आज शेजारणीकडे बघून आल्या आणि मला न विचारता सगळी गोष्ट सांगितली, खलनायिकेच्या आवाजासकट. म्हणजे माफी मिळाली.

११ फेब्रुवारी

झाले! दोन पगार पुरे झाले, वर थोडे औषधपाण्याला. मुदतीच्या सतरा दिवस आधी.

तिघंही स्वयंपाकघरात वेड्यासारखे हसत होतो. सासूबाईंनी टिंबूला उचलून सांगितलं, "तुझी आई कुठे जात नाही हो आता!" मी तिच्या पोटात तोंड खुपसलं. मार्च आणि एप्रिल माझे. हिचा पहिला दात मीच बघणार. इतकं सुखी मी शेवटचं कधी होते आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

सकाळी मास्तरांचा फोन. आवाज असा की मला वाटलं कुणी गेलं. "बाई, चार तास येऊन जाल? रविवार आहे, पण गळ्याशी आलंय."

एका सभागृहाचा मोठा पडदा, मखमलीचा. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ, खालून वर फिरवला तर खरखरीत, आणि दिव्याखाली तेच कापड एका बाजूने फिकं, दुसऱ्या बाजूने गडद दिसतं. म्हणून पडद्याची सगळी पानं, म्हणजे उभ्या पट्ट्या, एकाच दिशेने काढायची. माझ्या जागी आलेल्या बाईने कापड वाचवायला सहा पानं सरळ आणि सहा उलटी काढलेली! म्हणजे मी चादरींचं केलं तेच, पण मखमलीवर. सुती कापडात बरकत, मखमलीत सत्यानाश. मंगळवारी पडदा चढवायचा. नवं कापड घ्यायचं तर महिन्याची कमाई गेली. ती बिचारी कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली.

हा आज कामावर न जाता घरी थांबला. मी गेले.

बाराही पानं दोरीवर टांगायला लावली, दिवे लावले आणि नुसती बघत राहिले. मग म्हटलं, सरळ-उलट, सरळ-उलट लावा. एकाआड एक. फिका पट्टा, गडद पट्टा. मुद्दाम केल्यासारखा! दुपारी गिऱ्हाईक येऊन बघून गेलं. म्हणे, सांगितलं होतं त्यापेक्षा छान झालंय. मास्तरांनी चष्मा पुसला. "बाई, तुमचं डोकं काही रजेवर गेलेलं नाही." रडणाऱ्या बाईला मी माझ्या डब्यातलं अर्धं खायला घातलं आणि लव कशी बघायची ते हात धरून दाखवलं.

परतताना जिना उतरत होते, मी गुणगुणत होते. तेवढ्यात छातीशी ओल लागली, दूध आलं होतं. तेव्हा टिंबू आठवली. चार तासांत पहिल्यांदा.

घरी बापलेक जमिनीवर उपडे, एकमेकांच्या तोंडासमोर तोंड. ती खिदळत होती. याने मला सगळा पाढा वाचून दाखवला. मिक्सरला घाबरते, पण 'आता आवाज होणार' असं आधी सांगितलं तर घाबरत नाही. बाटलीतलं दूध डाव्या कुशीवर घेऊन पाजलं तर जास्त पिते. पंख्याच्या सावलीशी बोलते. मला यातलं एकही माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी

लिहून टाकते. मला कामावर जायचंय.

कसली आई आहे मी! सहा आठवडे घराला वेठीला धरलं. याचे रविवार गेले, सासूबाईंची मालिका गेली, आणि आता कुठल्या तोंडाने सांगू की नको मला ते दोन महिने? आणि सांगितलं तरी तिला कोणाकडे देऊ? अनोळखी हातात नाही द्यायची, हे अजूनही तितकंच खरं आहे. सकाळी तिला पाजताना तिने माझं बोट धरलं. मी तिची माफी मागितली, मोठ्याने.

२१ फेब्रुवारी

सासूबाईंना कळलंच. भांडी मी जास्त आपटत होते म्हणे. त्यांना सांगून टाकलं. वाटलं, आता ऐकावं लागणार.

त्या कपडे घड्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा तीन महिन्यांचा होता, मी परत कामावर रुजू झाले. शाळेच्या फाटकापर्यंत रडत गेले. ऑफिसात टाईपरायटरवरचं कापड काढलं आणि इतकं बरं वाटलं! कोणाला सांगितलं नाही गं आजवर." आणि माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

बरं वाटलं. पण मार्चचा प्रश्न होता तिथेच. उद्या-परवा अर्ज टाकून मोकळी होते. दोनच तर महिने. काढीन.

२४ फेब्रुवारी

अर्ज लिहायला बसले. 'बिनपगारी रजा मिळण्याबाबत.' हा समोर बसलेला, टिंबू त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेली. तारीख घातली, पुढे पेन चालेना. तो तिच्या पाठीवरचा हात न हलवता, खाली बघत म्हणाला, "रागावू नकोस. मी आमच्या साहेबांना दोन महिन्यांच्या रजेचं विचारून ठेवलंय, दोन आठवडे झाले. तुझ्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल म्हणून बोललो नाही. मी राहू का घरी?"

मी पेन त्याच्या हातात दिलं.