तिसऱ्या वेळी फक्त पूल

३ मे, शुक्रवार

पाहिला! पहिला दिवस, दुपारी बाराचा खेळ, पुढून तिसरी रांग. मान अजून दुखतेय.

काय लिहू? सुरुवातीला मासळीबाजाराचा धक्का, पहाटेची वेळ, बायका बर्फ फोडतायत. त्यांच्या मागे एक ओली भिंत. मला वाटलं, असेल गोदामाची. मग एक बाई हात थांबवते आणि वर बघते. आणखी वर. कॅमेरा तिच्या नजरेबरोबर वर जातो, जातच राहतो — ती भिंत नाही, नडगी आहे! त्या राक्षसाची नुसती नडगी! माझ्या मागे कोणीतरी वेफर्सची पिशवी फोडत होतं, ते हातही तिथेच थांबले. संगीत नाही, आरडाओरडा नाही. त्याच्या अंगावरून पाणी निथळतंय, तेवढाच आवाज. अंगावर आलेला काटा मध्यंतरापर्यंत उतरला नाही.

आणि तो कोणावर चिडलेला नाही. कोणाला खायला आलेला नाही. त्याला आपण दिसतच नाही. तो चाललाय, एवढंच, आणि वाटेत शहर आहे. जपानी लोकांना हे कसं सुचतं कोण जाणे.

दातांबद्दल मात्र बोलणारच. बारा वर्षं मी लोकांच्या कवळ्या बनवतेय. याची वरची रांग खालच्या रांगेवर बसतच नाही. या जबड्याने त्याला साधा पाव चावता यायचा नाही.

४ मे, शनिवार

घरी सगळं हातवारे करून सांगितलं. आई म्हणाली, "चाळिशी लागली, आणि पोरगी राक्षस बघत फिरते." बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. "हं" म्हणाले.

चौदा महिने हेच "हं" चाललंय. नदीवरचा जुना पूल पडला त्या दिवसापासून. पुलांची तपासणी हे बाबांचं काम, एकतीस वर्षं केलं. तो पूल त्यांच्याकडेच होता. माणूस एकच गेला, पावाची व्हॅन चालवणारा. चौकशी झाली, बाबांचा कागदन् कागद तपासला, सगळं जागच्या जागी निघालं. दोष आदल्या पावसाळ्यातल्या पुराचा ठरला. खात्याने तर म्हणे कौतुकही केलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी मुदतीआधीच निवृत्ती मागितली आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून घराचा उंबरा ओलांडलेला नाही. दाढीसुद्धा मी करायला लावते तेव्हा करतात.

चूक नसलेला माणूस इतका का झिजतो, हे मला कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ द्या. किती?

५ मे, रविवार

राक्षसपट बघणाऱ्या आमच्या मंडळाची बैठक, नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या दुकानात. अध्यक्ष म्हणजे आमचे किल्ल्या बनवणारे. प्रोजेक्टर त्यांचा, म्हणून अध्यक्षपदही त्यांचंच. आम्ही चौघंच आहोत, पण तावातावाने बोलतो चाळीस जणांएवढं.

अध्यक्षांचं मत: गेल्या वीस वर्षांत असा राक्षस झाला नाही. हे ते दर वेळी म्हणतात, पण आज त्यांचा आवाज जड झाला होता.

रबरचं मत: जरा गुळगुळीत आहे. रबर मोटार चालवायला शिकवतो. राक्षसाच्या रबरी पोशाखात घाम गाळणारा माणूस असलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट, म्हणून हे नाव. "आत माणूस असला की श्वास दिसतो," म्हणतो. "आणि तो पुलाचा प्रसंग कापायला हवा होता. पाच मिनिटं फुकट. आपण आजोबांना बघायला आलोय."

आजोबा हे आम्ही ठेवलेलं नाव. त्या चालीवरून.

सिस्टर — छत्तीस वर्षं रुग्णालयात नोकरी करून निवृत्त — चष्मा पुसत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "एवढं मोठं काही बघितलं की आपली दुखणी लाजतात."

माझं दातांचं मत नोंदवून घेण्यात आलं. हसले मेले.

९ मे, गुरुवार

दुसऱ्यांदा पाहिला. नडगी अजून तेवढीच मोठी आहे!

१२ मे, रविवार

चिठ्ठ्या काढल्या. मंडळाचा जुना नियम: सिनेमा आवडला तर तीनदा बघायचा. दोनदा मनासारखा. तिसऱ्या वेळी चिठ्ठीत जे येईल तेवढंच बघायचं, बाकी पडद्यावर आभाळ कोसळलं तरी नजर हलवायची नाही. मग त्यावर मत द्यायचं. चिठ्ठी बदलून मिळत नाही.

सिस्टरना आले पाय. अध्यक्षांना आवाज. रबरला गर्दी.

मला पूल.

मी म्हटलं, मला दुसरी द्या. अध्यक्षांना बाबांचं सगळं ठाऊक आहे. ते विरघळले, डबा पुढे करायला लागले. पण रबर म्हणाला, "नियम म्हणजे नियम, ताई," आणि त्याला काही ठाऊक नव्हतं, म्हणून मीही काही बोलले नाही.

१४ मे, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

जेवताना आई म्हणाली, तोंड का पाडलंस? मी चिठ्ठीचं सांगून टाकलं. आईने डोळे मोठे केले: या घरात पूल हा शब्द कोणी काढत नाही. आता काढलाच आहे तर पुरा करावा म्हणून मी प्रसंगही सांगितला. आजोबा अजून लांब असतात. पिवळी टोपी घातलेला एक म्हातारा शिडीवरून पुलाखाली उतरतो, पाण्यात उभा राहतो, खांबावर हातोडी मारतो. मग वर येऊन हात पसरून रस्ता अडवतो. लोक त्याला शिव्या देतात. हॉर्नवर हॉर्न. तो हलत नाही. आणि आजोबांचा पाय पुलाला लागतसुद्धा नाही, नुसत्या हादऱ्याने पूल खाली येतो. रिकामा.

"ऐकतो का?"

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. बाबा!

"हातोडी मारल्यावर कान लावून ऐकतो का तो? का नुसती मारतो?"

मला आठवेना. दोनदा बघून आठवेना! बाबा म्हणाले, "ऐकायला हवं. आवाज खणखणीत आला तर एक लिहायचं. बद्द आला तर पाच. मधले आकडे कानाला सवय झाल्यावर कळतात. एका खांबाला पाच ठिकाणी." आणि बोटाने टेबलावर ठोकून दाखवलं, आधी मधोमध, मग पायाच्या वर. दोन आवाज खरंच वेगळे होते.

आई घास हातात धरून बसली होती. मी मोरीत जाऊन रडून आले.

१७ मे, शुक्रवार

तिसऱ्यांदा पाहिला. नियम पाळला. आजोबा पाण्याबाहेर आले तेव्हा मी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघत होते, तिथे धुक्यात पूल आहे. पहिल्या मिनिटापासून आहे! दोनदा बघूनही दिसला नव्हता. सगळं थिएटर श्वास रोखून वर बघतंय आणि मी एकटी त्या एवढ्याशा पुलाकडे. गंमत म्हणजे तसं बघितल्यावर आजोबा दुप्पट मोठे वाटायला लागले. एवढा प्रचंड जीव चालून येतोय आणि त्याच्यासमोर काय, तर एक हातोडी. माझी छाती भरून आली.

तो ऐकतो. टोपी काढतो, कान खांबाला टेकवतो, डोळे मिटतो. पाच ठिकाणी. मी मोजलं.

१८ मे, शनिवार

बाबांना सांगितलं, पाच. त्यांनी टेबलावर पाचदा ठोकलं. मग विचारलं, "कुठे लागलाय?"

२१ मे, मंगळवार

बाबा आले! दाढी करून, न सांगता, इस्त्रीचा शर्ट. जिन्यावर दर पायरीला थांबले, चौदा महिन्यांत पायही विसरले असतील. आईने दारातून "सांभाळून" म्हटलं आणि पटकन आत वळली.

दुपारचा खेळ, मधली रांग. मी पडद्याकडे बघितलंच नाही, मी बाबांकडे बघत होते. ती बाई वर बघते, कॅमेरा वर जातो — बाबांची मान हळूहळू वर, वर, तोंड उघडं. साठीचा माणूस! माझं मनगट धरून म्हणाले, "अगं, केवढा आहे हा." एवढ्या वर्षांत त्यांना असं काही बघताना मी पाहिलेलं नाही. मला त्या जपान्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुलाच्या प्रसंगात मात्र त्यांनी माझं मनगट सोडलं. दोन्ही हात मांडीवर, अगदी ताठ, वर्गात बसल्यासारखे. म्हातारा पाण्यात उतरला तेव्हा ओठ हलत होते. आकडे मोजत असणार.

संपल्यावर सगळे उठले, हे बसूनच. म्हणाले, पुढचा खेळ पण बघू. बघितला.

२६ मे, रविवार

बाबांना बैठकीला नेलं. अध्यक्षांनी स्वतःची खुर्ची दिली, ती ते कोणाला देत नाहीत.

आधी सिस्टरनी पायांवर मत दिलं. म्हणाल्या, आजोबा पाऊल टेकवण्याआधी थबकतात, दर वेळी. "गुडघे गेलेत त्यांचे. छत्तीस वर्षं मी अशी चाल बघितलीय. त्यांना शहर मोडायचं नाही हो, त्यांना कुठेतरी टेकायचंय." अध्यक्षांचं आवाजावरचं मत: पहिला तास राक्षस एकदाही ओरडत नाही, आपल्याला मात्र ऐकल्यासारखं वाटतं. रबरचं गर्दीवरचं मत सगळ्यात छोटं. "पूल पडल्यावर पलीकडच्या तीरावरची माणसं बघा. शिव्या देणारी. एकेक जण खाली बसतो. मी तो प्रसंग कापा म्हणालो होतो. शब्द मागे घेतो."

मग माझी पाळी. मी म्हटलं, माझं मत बाबाच देतील.

बाबा उभे राहिले. म्हणाले, "राक्षस उत्तम आहे. दोन्ही खेळांना मी घाबरलो." सगळे हसले. "पण मला भीती वाटली ती त्या माणसाची. त्याला वरच्या वर बघून जाता आलं असतं. पाणी वाढलेलं, शिडी ओली, वर कोणी बघणारं नाही. अशा वेळी खाली उतरायचं की नाही, हे त्याचं त्यालाच माहीत." इथे ते थांबले. पुढे बोलतील म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. ते खाली बसले.

रबरने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. त्याला आता ठाऊक होतं, अध्यक्षांनी सांगितलं असावं. बाबांजवळ जाऊन म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसांमुळे आम्ही गाड्या चालवतो, काका." मला इतका अभिमान वाटला! फक्त सिस्टर टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या बाबांच्या हातांकडे बघत होत्या.

येताना बाबा बसमध्ये पूर्ण वेळ बाहेर बघत होते. मी म्हटलं, काय छान बोललात. "हं" म्हणाले.

२७ मे, सोमवार

बाबा जेवले नाहीत. मला विचारलं, "उद्या-परवा कामावर उशिरा गेलीस तर चालेल का?" कशासाठी, ते सांगितलं नाही. बाहेर पडायचं म्हणतायत, मला तेवढं पुष्कळ आहे.

२९ मे, बुधवार

बाबांनी आज खात्यात लेखी दिलं. त्या वर्षी ते पुलाखाली उतरलेच नव्हते. पाणी गार होतं, बघणारं कोणी नव्हतं, म्हणून वर जीपमध्ये बसून मागच्या वर्षीचे आकडे उतरवले आणि सही केली. साहेब म्हणाले, फाइल कधीच बंद झाली, कशाला उघडताय. बाबा म्हणाले, पोच द्या.

मला त्यांचा राग येतोय, जन्मात कोणाचा आला नव्हता एवढा. उद्या ते व्हॅनवाल्याच्या बायकोकडे जाणार आहेत. मी रजा टाकली.