बागेतल्या बोअरची पातळी

दुर्गापुरा, जयपूर
१९ सप्टेंबर २०२४

चि. अभिनव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अवनीचा पुढचा दात आला. तुझी अनुया बँकेत जाताना तिला माझ्याकडे सोडते आणि दिवस कसा जातो ते कळत नाही. उदयपूरच्या साइटवर तुझी जेवणाची आबाळ होत असेल. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला रागावता येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी फक्त शिष्टाचार शिकवला.

बाबा बरे आहेत. रविवारपासून पुढच्या खोलीत एकटे जेवतात.

शेजारच्या सुखदेवजींची नात काल दवाखान्यातून घरी आली. कावीळच होती. डोळे अजून पिवळे आहेत.

बागेतल्या बोअरवर तू बाबांबरोबर जायचास, आठवतं? ते टेपला खडू फासून आत सोडायचे, वर ओढली की ओला खडू कुठपर्यंत ते तू बोट ठेवून दाखवायचास. दोघांचे हात पांढरे, आणि तेच हात माझ्या पडद्यांना. ही बोअर फक्त पातळी बघायला आहे, तांब्याभरही पाणी काढायचं नाही, असं बाबा सगळ्या कॉलनीला बजावत. पुढे त्यांच्या भूजल खात्याने ती सोडून दिली. यंदा तू पावसाचं पाणी मुरवायला ती मागून घेतलीस, तेव्हा त्यांना केवढं वाटलं.

छपरांचं पाणी खडी-वाळूच्या टाकीतून गाळून मगच बोअरमध्ये जाईल, हे तूच सांगितलं होतंस. पाऊस तोंडावर आला, टाकी राहिली आणि तू रस्त्याकडेची नाली सरळ आत सोडलीस. कॉलनीची पिण्याच्या पाण्याची ट्यूबवेल तिथून हाकेच्या अंतरावर.

ऑगस्टमध्ये बाबांनी पातळी घेतली. इतकी वर आली होती की त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. मी टेप पुसली तर फडक्याला नालीचा वास. त्यांच्या नाकाशी धरलं, तर म्हणाले, “पातळी बघ ना, किती चढली.” जन्मभर पाणी किती खोल आहे एवढंच मोजलं त्यांनी.

तुला फोन केला. “आई, मतलब, तुला काय कळतं त्यातलं? दिवाळीनंतर टाकी बांधतो ना,” म्हणालास. मी फोन ठेवला. तू हुशार, तू इंजिनिअर.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. ट्यूबवेलच्या पाण्याचा रिपोर्ट वाईट आला होता. तू फोनवरून सगळ्यांना सांगितलंस की शहराची सांडपाण्याची पाइपलाइन फुटली असेल. बाबा जमिनीकडे बघत बसले. माझ्या शेजारी अनुया होती. ती सहज माझ्या कानाशी म्हणाली, “बरं झालं, अवनीसाठी ह्यांनी जुलैपासूनच बाहेरचे पाण्याचे जार लावलेत.”

जुलैपासून, अभि. म्हणजे पेढ्यांच्याही आधीपासून.

सुखदेवजी पाइपवाल्यांना अर्ज लिहू म्हणत होते. मी उभी राहिले. “सुखदेवजी, पाइप ठीक है. बोर में नाली मेरे बेटे ने छोड़ी है. ये पानी किसी को मत पिलाइए.”

सुखदेवजींनी मला हात जोडले आणि उठून गेले. ते शिव्या देते तर बरं वाटलं असतं.

घरी बाबा म्हणाले, चारचौघांत पोराचं नाव घालवलंस. तुम्हाला वास आला होता ना, असं मी विचारलं. “आला होता,” म्हणाले, आणि ताट उचलून पुढच्या खोलीत गेले.

ट्यूबवेल बंद केली आहे. येत्या रविवारी सगळ्यांसमोर बोअर उघडणार आहेत. तुझा धंदा बसेल, हे मला कळतं. तुझ्या पहिल्या कामाच्या पाटीला मीच हार घातला होता. तरीही ये. कुठून काय सोडलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग, म्हणजे निदान पाणी किती लांबवर नासलंय ते शोधता येईल. वकील आणू नकोस. बाबांच्या मागे बसू नकोस.

नाही आलास, तर पुन्हा मीच उभी राहीन.

तुला जन्म दिलेली,
आई