दुय्यम भूमिकेचं बक्षीस

उम्म अल हस्सम, मनामा
१२ सप्टेंबर १९९७

प्रिय सुरेखा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र जुलैतच मिळालं. उत्तराला एवढा उशीर झाला म्हणून तू मनात म्हणाली असशील, शेवंती बहारीनला गेली आणि मोठी झाली. तसं नाही गं. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा पहिल्याच पानावर अडकले. आज शुक्रवार आहे, पण सदानंद ओव्हरटाइमला तुबलीच्या वर्कशॉपमध्ये गेलेत. एसीची कामं अजून संपत नाहीत, सप्टेंबर निम्म्यावर आला तरी बाहेर उभं राहवत नाही. अक्षता तिच्या वर्गातल्या मुलीकडे गेली आहे. घरात मी एकटीच आहे.

आधी एक बातमी सांगते. मी ज्या बाईंकडे टायपिंगला जात होते त्या जूनमध्ये वारल्या. मिसेस व्हिटबी त्यांचं नाव. तुला त्यांच्याबद्दल कधी लिहिलं नव्हतं. का लिहिलं नव्हतं ते पुढे कळेलच. पंच्याण्णव साली आमचं ऑफिस बंद पडलं, मॅनेजरने खलास म्हटलं आणि आम्ही सहा जणी घरी बसलो. आमच्या बिल्डिंगखाली कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे आपल्याकडचं किराणा दुकानच. तिथल्या काचेवर एक चिठ्ठी दिसली, आत्मचरित्रासाठी टायपिस्ट पाहिजे. पत्ता अदलियाचा होता. टॅक्सी करून गेले. जुना बैठा बंगला, दारात बोगनवेल, आत एक चौऱ्याहत्तर वर्षांची अमेरिकन बाई. साखरेच्या आजाराने डोळे जवळजवळ गेलेले. नवरा तेलाच्या कंपनीत होता, तो इथेच वारला. त्यानंतर त्या परत गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, तिकडे ओळखणारं कुणी उरलं नाही, इथे निदान भाजीवाला नावाने हाक मारतो.

सुरेखा, ती बाई नटी होती. आपण शाळेतही नव्हतो तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर एक डॉक्टरच्या घराची मालिका लागायची, आठ वर्षं चालली. तिच्यात डॉक्टरची बायको नायिका, आणि ह्या डॉक्टरची विधवा बहीण. दार उघडायचं, कॉफी आणायची, दमलास का विचारायचं. वर्षानुवर्षं हेच. पण सहाव्या वर्षी एका भागात तिला तार येते, मुलगा लढाईत गेल्याची, आणि ती काही न बोलता टेबलावरचे धुतलेले कपडे घडी घालत राहते. त्या एका प्रसंगासाठी त्यांना त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. बक्षिसाची बाहुली त्यांनी कपाटात ठेवली होती. धूळ बसते म्हणून कोल्ड स्टोअरच्या पिशवीत गुंडाळून.

मी सकाळी नऊला जायची. त्या बोलायच्या, मी टाइप करायची, दुपारी वाचून दाखवायची. बक्षिसानंतरचं प्रकरण त्यांनी चार वेळा सांगायला घेतलं आणि चार वेळा सोडलं. पाचव्या वेळी सांगितलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्या भागाची संहिता हातात आली. सगळे टेबलाभोवती बसून वाचत होते. नायिकेच्या तोंडी वाक्य होतं, बरं झालं, वन्सं दुसऱ्या भावाकडे ओरेगॉनला राहायला गेल्या. एवढंच. आपण कामावरून गेलो हे त्यांना त्या वाक्यातून कळलं, सगळ्यांसमोर. नायिकेने निर्मात्याला सांगितलं होतं की घरात दोन बायका नकोत. सहा वर्षं शेजारी बसून जेवलेली नायिका त्या वेळी पान उलटत होती. माझी बोटं मशीनवर थांबली. मिसेस व्हिटबींनी विचारलं, काय झालं, स्पेलिंग अडलं का. मी म्हटलं, हो, ओरेगॉनचं.

इथल्या इंग्रजी चॅनेलवर दुपारी जुन्या अमेरिकन मालिका लागतात. गेल्या वर्षी ही मालिका सुरू झाली. कुठलाही भाग कधीही लागायचा. एका दुपारी तारेचा भाग लागला. मिसेस व्हिटबी पडद्याला नाक लावून बसल्या तरी त्यांना नुसता उजेड दिसत होता. मला म्हणाल्या, ती काय करते ते सांग. मी सांगत गेले. आता तार ठेवली. आता शर्ट उचलला. आता बाही आत दुमडली. त्यांनी विचारलं, किती कपडे झाले. मी म्हटलं, चार, आणि जाहिरात लागली. त्या म्हणाल्या, पाच होते. पाचवा मुलाचा होता. जाहिरातीसाठी कापला असेल. त्यानंतर त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला आणि त्या दिवशी काम झालं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी अक्षताला प्रथमच सांगितलं की मलाही बक्षीस मिळालं होतं. शहात्तर सालची राज्य नाट्यस्पर्धा, रामजी सरांनी बसवलेलं नाटक, मी बावीस वर्षांची आणि काम सासूचं. सतरा वाक्यं. प्रशस्तिपत्र दाखवलं. तिने नीट हातात घेतलं, पोरगी वाईट नाही. पण मराठी वाचता येत नाही ना तिला. म्हणाली, नाइस, आई, व्हॉट डज इट से? मी वाचून दाखवलं. मग विचारलं, देन व्हाय डिड यू स्टॉप? मी म्हटलं, लग्न झालं. सदानंद जेवत होते, त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. आमचं लग्न एकोणऐंशीचं आहे हे त्यांना माहीत आहे.

मिसेस व्हिटबींचं पुस्तक तीनशे बारा पानांचं झालं. सहा प्रकाशकांना पाठवलं. सहाही उत्तरं मीच वाचून दाखवली. शब्द वेगळे होते, सांगणं एकच. ती नायिका खरी कशी होती, तिची लग्नं, तिचं पिणं, एवढं असेल तर छापू. तुमचं बालपण, तुमचं बक्षीस, ह्यात वाचकाला रस नाही. मला वाटलं, बाई चिडेल. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, यल्ला, चल शेवंती, काढ पानं. मी वाचायची आणि त्या नुसत्या हाताने खूण करायच्या, हे काढ. आईचं मरण काढलं. पहिली नोकरी काढली. तारेचा प्रसंग आला तेव्हा मी वाचायचं टाळून पुढे गेले, तर म्हणाल्या, तेही काढ. मी विचारलं, कशासाठी, मॅडम? त्या म्हणाल्या, नाव तरी छापून येईल. नव्वद पानं राहिली. सगळी त्या दुसऱ्या बाईची. आणि खोटं नाही सांगत, फार चांगली पानं होती. एकही वाईट शब्द नव्हता तिच्याबद्दल. तीही पानं परत आली. तोवर त्या नायिकेवर दुसऱ्याच कुणाचं पुस्तक निघालं होतं.

त्यानंतर त्यांनी औषध नियमित घेणं सोडलं. मी भांडले, कामवाली नूरबानोने हात जोडले. त्या इंशाल्ला म्हणायच्या आणि गोळी उशीखाली ठेवायच्या. पायाची जखम चिघळली आणि जूनमध्ये आठ दिवसांत संपलं. जुलैत ओहायोहून पुतण्या आला. चांगला वाटला, घाई मात्र फार होती त्याला. दोन दिवसांत बंगला रिकामा केला. मी तिसऱ्या दिवशी गेले तर कागदांची खोकी कचऱ्याच्या गाडीत गेलेली. मी त्याला म्हटलं, त्यात त्यांचं पुस्तक होतं. तो म्हणाला, हो का, आँट टीव्हीवर नोकराणीचं काम करायची ना? मी म्हटलं, बहिणीचं. तो सॉरी म्हणाला. बाहुलीचं मी विचारलंच नाही. नूरबानोने नंतर सांगितलं की ती पिशवीसकट गेली. एक प्रत ठेवून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते पुस्तक आता कुठेही नाही.

घरी आले तर तुझं पत्र येऊन पडलं होतं. आपल्या नाट्यमंडळाला पंचवीस वर्षं होतात, स्मरणिका निघते आहे, मुखपृष्ठावर तुझा फोटो आहे. तू लिहिलंस, शेवंती, सुरुवातीपासून माझं काम बघणारी आता तूच उरलीस, तर ‘सुरेखा : एक नायिका’ अशी दोन पानं दे, जुन्या कामाचं कौतुक लिही, बाकी मंडळाचा इतिहास वेगळ्या लेखात येतो आहे. त्या लेखाचं टाचणही तू पाठवलंस. त्यात स्पर्धेचं वर्ष आहे, नाटक आहे, दिग्दर्शक रामजी सर आहेत, तू आहेस, आणि ‘इतर कलावंत’ आहेत. मी रडत होते तेव्हा सदानंद म्हणाले, काहून रडून राहिली, ते व्हिटबी बाई काय तुही मावशी होती? मी हो म्हटलं.

सुरेखा, मला एकवीस वर्षांपासून माहीत आहे. बक्षिसानंतर महिन्याभराने रामजी सर इंदोऱ्याला आमच्या घरी आले होते. पुढच्या नाटकात शेवंतीला काम नाही म्हणाले. बाबांनी खोदून विचारलं तेव्हा चहाच्या कपात बघत म्हणाले, सुरेखा म्हणते की ही असली तर मी उभी राहणार नाही. मी आतल्या खोलीत होते. त्यानंतर तू आलीस, माझ्या गळ्यात पडलीस, सरांना काही कळत नाही म्हणालीस, आणि मी तुझी समजूत काढली. तेव्हा बोलले नाही, पुढेही नाही. मैत्रीण एकच होती, ती जाईल अशी भीती वाटली. आता वय निघून गेलं, बोलून काही परत येणार नाही, आणि स्मरणिकाही दुसऱ्या तऱ्हेने छापली जाणार नाही हे मला समजतं. हे पत्र अशासाठी लिहिलं की निदान तुला तरी कळावं, मला माहीत होतं. तू मागितलेली दोन पानं सोबत आहेत, टाइप केलेली. सगळी तुझ्यावर आहेत, चांगली झाली आहेत. माझा उल्लेख कुठे नाही, काही काढायला लागणार नाही. छाप.

तुझीच,
शेवंती