वरची जमीन निजली होती

सगळ्यात आधी आली ती शेजारची अंबिका, वाटीभर साखर घेऊन. पाहुणे आले की माझ्या डब्यात साखर नसते, हे साऱ्या उंबरपाड्याला माहीत. तिच्यामागून वनहक्क कचेरीचे दोघे, मोजणीचे निकेतसाहेब आणि कचेरीतल्याच एक बाई. शुक्रवारची गोष्ट. बाईंनी माझ्या हातात पट्टा ठेवला, जमीन आमची असल्याचा सरकारी कागद. त्यावर आमच्या दोघांचा फोटो, सोळा वर्षांपूर्वी अर्जाला लावलेला. यांनी उसना शर्ट घातलाय आणि मी हसतेय. घरोघर दाखवून आले मी. फक्त यांना दाखवायचा राहिला. पाच वर्षं झाली जाऊन.

म्हणून मी, कमळाबाई जान्या वरठा, जात वारली, वय अंदाजे बहात्तर, राहणार उंबरपाडा, काशीमिऱ्याच्या वर, जंगलाच्या कडेला, हे माझ्या हाताने लिहिते. दुसरी शिकलेय. अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. कोणी धाक घातलेला नाही. या वयात मला कोण घालणार?

१. पट्ट्यातली खालची वीस गुंठे जमीन माझ्यामागे गुणवंत आणि मंदा, माझी दोन मुलं, यांची सारखी. ही मी देत नाही, कायदाच देतो. दोन हजार सहाच्या कायद्यात आहे की ही जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. बाईंनी वाचलं तेव्हा मला हसू आलं. आम्ही कधी विकली होती? पण इथे टॉवर बांधू बघणाऱ्या बिल्डरचा माणूस येतो ना, "आजी, बस अंगूठा दे दो" म्हणत, त्याला हा कागद दाखवा. आणि सांगा, आजी सही करते.

२. कुडाचं घर, पत्र्यासकट, मंदाला. भाईंदर पूर्वेला चार घरची भांडी घासून ती भाड्याच्या खोलीत राहते. गुणवंतला सोसायटीने वॉचमनची खोली दिलीय.

३. यांचा कोयता गुणवंतला. एकदा जंगलखात्याच्या गार्डने तो काढून घेतला होता, जंगलात शिरलास म्हणून. सात महिन्यांनी परत दिला, गंजलेला. तेव्हा कागदावर आम्ही अतिक्रमण होतो. आता हक्कदार आहोत. माणसं तीच. त्या गार्डला मी माफ केलेलं नाही, तेही वारशात घ्या.

४. भोपळ्याच्या तुंब्यातलं नागली-वरईचं बी मंदाच्या मुलीला, रसिकाला. ती कॉलेजात जाते, पण बी पेरल्याशिवाय राहत नाही.

५. आता गुणवंत, हे नीट वाच. पहिल्या मोजणीला साहेबाने विचारलं, "काय कसता, दाखवा." खाली नागली उभी होती, तेवढी दाखवली. वरच्या उतारावर दोन वर्षं पेरलं नव्हतं. जमीन दमते, तिला निजू द्यायचं, हे आपल्यात पोरालाही कळतं. साहेबाने विचारलं, "आणि वरती?"

"ती निजलीय, साहेब. काय न्हाय तिथं."

त्यांनी पडीक लिहिलं. वरचा तुकडा पट्ट्यातून गेला. तिथला बांध तुझ्या आज्याने रचलेला, आंबा यांनी लावलेला.

तू बापाला म्हणालास, "भोळा हायस तू! खोटं बोलला असतास तर काय जात होतं?" मरेपर्यंत म्हणालास. ते ऐकून घेत, बिडी विझवत आणि बाहेर जात.

गुणवंत, ते वाक्य त्यांचं नव्हतं. मी बोलले होते. हे तर गप्प उभे होते. त्यांनी तुला सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी आधी तुझ्या रागाला भ्याले, मग लाजले. आंब्याखाली त्यांच्या नावाचा दगड मी बसवलाय. तिथे जा आणि तो शब्द मागे घे. कोयता त्यानंतरच घरी ने.

शुक्रवारी मी हे निकेतसाहेबांना सांगितलं. ते वर चढले, बांध बघितला, म्हणाले, "आजी, निजवणं हेही कसणंच. पुन्हा मोजू."

साक्षीदार: अंबिका (शेजारीण), पराग गुरुजी (पाड्यावरची शाळा). दोघांना यातलं काही मिळत नाही, चहा मिळाला.

सही: कमळाबाई जान्या वरठा
उंबरपाडा, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सहीच्या खाली लिहिते. मी नसले तर आंब्याखाली गुणवंतने उभं राहावं आणि वरची जमीन आपली आहे असं मोठ्याने सांगावं, बापाला ऐकू जाईल इतकं. साहेब पुन्हा मोजायला मंगळवारी येतो म्हणालेत, अठरा तारखेला.