रस्तेवाल्या साहेबांची वाहवा

अल-खोबर, सौदी अरेबिया, २० डिसेंबर १९९०

कादिर,

सलाम मागाहून घे. आधी सांग, ही अक्कल तुला कुणी दिली? देशोदेशीचे रस्ता-संशोधनवाले एकमेकांचं कामकाज बघून चुका दाखवणार, म्हणून तू जानेवारीत इथे येतोस? मागच्या खेपेच्या साहेबांना मीच रांधून घातलं. चूक एकानेही दाखवली नाही. पुढची पाळी आपली, म्हणून सगळे नुसते "वाहवा, वाहवा!" त्यांची मोटार हाकणारे तुझे दुल्हाभाईसुद्धा हसत होते. मला शिसारी आली. बांगड्याच्या सालनात मीठ जास्त, ही चूक मात्र सगळ्यांना बरी सापडली!

आम्ही मजेत आहोत. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्यात. अम्मीला सांग, धुळीसाठी. तिचा गुडघा कसा आहे?

यांचा मालक, तो कफील, पासपोर्ट देत नाही, नाहीतर आम्हीच कधीचे निघालो असतो. इथून लोक पळतायत आणि तू वाहवा करायला येतोस! पंधरा जानेवारीला इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपते. मग काय होईल ते अल्लाला ठाऊक. तुझ्या साहेबाला तोंडावर नाही म्हण. दहा तारखेच्या आत "येत नाही" अशी तुझी तार मला मिळालीच पाहिजे.

तुझ्यावर चिडलेली,
साबिराआपा