पायथ्याची दोरी

माय, तू बाजेच्या पायथ्याशी बसली आहेस, एक पाय लाकडाला टेकवून दोरी ओढते आहेस. अंगण झाडून झालं, शेण काढून झालं, चुलीवर कळण्याच्या भाकरीसाठी तवा तापतोय आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात आहे. मी जोर लावला की तू ओरडतेस, "इतली ताणू नको वं! ढील ऱ्हाऊ दे थोडी, नही तं तुटी जाई." मग गाठ मारता मारता तुझं ठरलेलं वाक्य, "बाईनीबी तसंच ऱ्हावाले जोयजे." पहिलं तुझं खरं होतं. दुसऱ्यासाठी मी आज तुझ्याशी भांडायला बसले आहे.

तू जिला पाहिलं नाहीस ती तुझी नात पुण्यात आहे. कॉम्प्युटरवर ती धमनीची भिंत उभी करते. म्हणजे रक्ताच्या दाबानं ती भिंत किती ताणेल, कुठवर टिकेल, हे गणितानं मांडते. तिचे वडील छातीतली मोठी धमनी फाटून गेले, तेव्हापासून तिनं हे धरलंय. तिनं लिहिलेलं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते. पुष्कळ कळत नाही, पण एक चित्र पाहिलं आणि हातातला चहा निवून गेला. धमनीच्या भिंतीत कोलॅजनचे धागे असतात, आणि ते तिरपे, एकमेकांना छेदत जातात. तुझी बाजच, माय! एरवी ते नागमोडी पडून असतात, थोडाफार ताण दुसरंच मऊ काहीतरी सोसतं. ताण वाढला की एकेक धागा सरळ होतो आणि मग भिंत हटत नाही. बाजेवर बसलं की आधी ती दबते, मग एकदम घट्ट लागते, तसं. ढील असते ती वेळ आल्यावर धरण्यासाठी. हे तू मला अर्धंच सांगितलंस. आयुष्यभर दबत राहिले, घट्ट कधी व्हायचं ते कुणी शिकवलंच नाही.

हे गेले त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, फाटलेल्या धमनीचा तुकडा अभ्यासाला ठेवू का? विचारलं माझ्या दिराला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. दीर म्हणाले, "आधीच फाटेल शे, आखो किती फाडशात?" त्यांचंही दुःख खरं होतं, मी त्यांना दोष देत नाही. पण माणूस माझा होता, आणि माझ्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

परवा मुलगी फोनवर म्हणाली, "आई, गणित बसतंय गं. पण खऱ्या धमनीचा तुकडा ओढून ताणून बघावं लागतं, आणि लोक देत नाहीत." मी त्याच संध्याकाळी नशिराबादला दिरांकडे गेले आणि जेवताना सांगून टाकलं, मी देहदान करणार. धमनी आधी अभ्यासाला काढून घ्या, असंही लिहून देणार. दिरांचा घास हातातच राहिला.

"डोकं फिरनं का तुमनं, वहिनी? आगीन नही दिधी तं जीव भटकत ऱ्हाई."

"भटकू द्या भाऊ. जल्मभर चुल्हापुढे बसेल शे, थोडा फिरी येई."

वाढता वाढता जाऊ हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. दीर चिडले. "लोके काय म्हणतीन? आन् घरना माणूसनी सही लागस. मी नही करावू." मी म्हटलं, ठीक आहे. पाटावरून उठले नाही, ताटातलं सगळं संपवलं. निघताना जाऊ फाटकापर्यंत आली. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं दिरांपुढे कधी मान वर केली नाही. चप्पल शोधायला वाकली आणि खालूनच म्हणाली, "मी करस सही. सकाळले स्टँडवर ये."

लेकीलाही रात्री सांगितलं. ती म्हणाली, "तुझी धमनी मी नाही मोजणार, आई. दुसरं कुणीतरी मोजेल." मी म्हटलं, चालेल.

हे पत्र मी कुठे टाकणार, माय? तू मरून गेलीस त्या गावाला पोस्ट नाही. आणि एक तुलाच सांगते, तिथं जेवताना एवढं बोलले, पण सुरीची मला भीती वाटते. मेल्यावरही दुखेल असं वाटतं. दिरांना हे कळू देणार नाही.

काल सकाळी जावेला घेऊन धुळ्याला गेले, तिथल्या मेडिकल कॉलेजात दोघींनी सही केली. संध्याकाळी माझ्या घरी परत आलो आणि माझ्या बाजेची दोरी आवळली. दुसरं टोक जावेनं धरलं होतं.