टकल्या न्हाव्याचा विनोद

बाळ्या,

तुला लिहिलेली आधीची तीन पत्रं शिवणयंत्राच्या खणातच पडून आहेत.

तू तुझ्या भाचीला पोट धरून हसायला लावलंस, तिचे ओठ निळे पडले आणि मी तुला घराबाहेर काढलं. रागात माझ्या जिभेला हाड राहत नाही. नंतर डॉक्टरांनी मलाच झापलं. म्हणाले, "हृदय-फुफ्फुसं कमजोर आहेत, पण हसू द्या तिला. दमली की जरा थांबा." हे मी तुला कळवलंच नाही.

आज नाकात ऑक्सिजनची नळी असताना तिने मला तुझा टकल्या न्हाव्याचा विनोद सांगितला. दर दोन शब्दांनी ती धापा टाकत होती. मला राहवेना, म्हणून मीच शेवट सांगून टाकला.

ती रुसली. "आई, मामा थांबतो."

तुला थांबू न दिलेली,
ताई